दुपारचा भुऱ्या

गेल्या दसऱ्यापासून जयंतीकाकूंनी सिंहांविषयी तोंडातून एक अक्षर काढलेलं नाही. नेदरलँड्समधल्या रायस्वाइकच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर अजूनही कोणी ना कोणी विचारतं, काकू, मोठीची तब्येत कशी आहे, नवे जावई रुळले का. काकू उत्तर पाठवतात, सिंह झोपलेत. लोकांना वाटतं हा काकूंचा नेहमीचा खट्याळपणा. सिंह दिवसातले वीस-वीस तास लोळून काढतात हे काकूंनीच सगळ्यांना शिकवलेलं, तेव्हा उत्तर तसं चूकही नाही. पण ज्या घरात रोज पहाटे आफ्रिकेतली पाखरं ओरडायची, तिथे काकू आता लॅपटॉप उघडतात तो आवाज बंद करून, आणि आतल्या खोलीत राजनकाका खोकले की झाकण मिटतात. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी बाईनं आपल्याच घरात चोरून सिंह बघावेत, ही काही बरी गत नाही.

काकू मूळच्या वाईच्या. पुण्यात सहकारनगरला प्राथमिक शाळेत शिकवायच्या. पोरं अशी की बाकावरून उड्या मारतील, पण काकूंनी खुर्ची पुढे ओढून "तर काय झालं" एवढं म्हटलं की वर्ग चिडीचूप. त्या "तर काय झालं"वर त्यांची निम्मी नोकरी निघाली. मग राजनकाकांना रॉटरडॅमच्या बंदरात, जहाजांच्या मालाची सॉफ्टवेअरं सांभाळणाऱ्या कंपनीत काम मिळालं आणि काकू शाळा सोडून आल्या. इथे त्या आवाजाला गिऱ्हाईक नव्हतं. आल्बर्ट हाइन या किराणा दुकानाच्या काउंटरवर "पावती नको" म्हणणं आणि शेजारच्या आजोबांशी हवेबद्दल दोन वाक्यं, संपला दिवस. मुलगी मृण्मयी मोठी होत गेली तशी काकू मराठीत विचारायच्या आणि ती डचमध्ये उत्तर द्यायची. भांडणसुद्धा दोन भाषांत. अशा भांडणात काही मजा नसते, कोण जिंकलं तेच कळत नाही.

सिंह आले ते लॉकडाऊनच्या हिवाळ्यात. दक्षिण आफ्रिकेतल्या एका अभयारण्यातून रोज थेट प्रक्षेपण व्हायचं. पहाटे एक उघडी गाडी निघायची, संध्याकाळी पुन्हा एकदा; तिच्यावर कॅमेरा, आणि शेजारी बसून माहिती सांगणारा एक वाटाड्या. काकूंनी सहज लावलं आणि अडकल्या. पहिल्या महिन्यात त्यांना सगळे सिंह सारखेच दिसायचे. मग वाटाड्यानं सांगितलं की मिशांच्या मुळाशी जे काळे ठिपके असतात ते प्रत्येकाचे वेगळे, जन्मभर न बदलणारे. झालं. वर्गातली साठ तोंडं ओळखणाऱ्या बाईला बारा-पंधरा सिंहिणींचं काय जड? वाटाड्या दुर्बीण चाळवत असायचा तोवर काकू इकडे सोफ्यावर म्हणायच्या, अहो, ही मधली आहे, धाकटी नव्हे. मोठी, मधली, धाकटी ही सिंहिणींची नावंही त्यांनीच ठेवलेली.

त्या घराण्याचा कारभार काकूंनी आपल्या पद्धतीनं समजून घेतला. सिंहांमध्ये मुली माहेरीच राहतात. आई, मावश्या, बहिणी, भाच्या, सगळ्या जन्मभर एकत्र. जमीन त्यांची, पाणवठा त्यांचा. नर येतात ते बाहेरून, दोघं-तिघं मिळून, आणि राहतात ते घरजावई म्हणून. त्यांच्याहून तगडे आले की जुने जावई हाकलले जातात. घरातले मुलगे वयात आले की त्यांनाही बाहेरची वाट. मग हे पोरगे वर्ष-दोन वर्ष दुसऱ्यांच्या हद्दींच्या कडेकडेनं फिरत राहतात, कुठे आपल्यासारखाच एखादा परका भटक्या भेटला तर त्याच्याशी जोडी जमवतात. कधी सख्खे भाऊ वेगळे होतात आणि काल भेटलेले दोघे जिवाला जीव देतात. काकूंना यातलं काहीच परकं वाटलं नाही.

एका शुक्रवारी मंडळाच्या ग्रुपवर सगळे कंटाळलेले होते, तर काकूंनी मोबाईल तोंडाशी धरला आणि म्हणाल्या, "तर काय झालं, पाणवठ्याच्या घरी आज नवे जावई आले." लोकांना वेड लागायचं बाकी राहिलं. तेव्हापासून दर शुक्रवारी दहा-बारा मिनिटांची हकीकत. हेगच्या ट्राममध्ये, आइंडहोवनच्या गाडीत, सायकलवर एका कानात इअरफोन घालून लोक ऐकायचे. दिवाळीच्या कार्यक्रमात काकू दिसल्या की, "काय काकू, आज सिंहांच्या घरी कोण रुसलं?"

आता खरं सांगायचं तर सिंह फार कमी करतात. आठवडाभर गाडी फिरली तरी हाती काय लागायचं? एक जांभई, एक शेपटी, गवतात पडलेली मोठी. पण शुक्रवार तर यायचाच. तेव्हा जिथे गाडी पोचली नाही तिथलं काकू मनानं भरायच्या. थोडं मीठ, थोडी मिरची. यात आपण काही वावगं करतोय असं त्यांना कधी वाटलं नाही. खोट्याच्या त्या सक्त विरोधात, पण गोष्टीच्या नाही.

ऐकणाऱ्यांत त्यांची सगळ्यात लाडकी म्हणजे प्रांजली. कोथरूडची मुलगी, लग्न होऊन दोन वर्षांपूर्वी आली, काकूंच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहायची. नवरा गंधार आइंडहोवनला चिपची यंत्रं बनवणाऱ्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर. रोज सकाळी स्टेशनवर जायचा, संध्याकाळी परत. प्रांजलीला दिवस गेले आणि सातव्या महिन्यात रक्तदाब वर जायला लागला. इथली सुईणबाई घरी येऊन सांगून गेली की आता धावपळ नको, त्रास नको, पडून राहा. पडून राहणाऱ्या मुलीला काय विरंगुळा? शुक्रवारची हकीकत. ती जुन्या हकीकतीसुद्धा पुन्हा पुन्हा लावायची. त्या ऑगस्टमध्ये पाणवठ्यावर नव्या जावयांनी जुन्यांची तीन पिल्लं मारली. तसंच करतात ते. काकूंनी कॅमेऱ्यात पाहिलं, दोन दिवस जेवण गेलं नाही, आणि शुक्रवारी सांगितलं काय, तर मधली पिल्लांना घेऊन नदीपलीकडच्या मावशीकडे गेली. प्रांजली ऐकते आहे, तिच्यापर्यंत हे कशाला? इतकी काळजी त्या घ्यायच्या. हे आता आठवलं की त्यांना अंगावर कोणी गरम पाणी ओतल्यासारखं होतं.

सप्टेंबरात, गणपती उठून थोडे दिवस झाले होते. काकू मंगळवारी गावच्या वाचनालयात जायच्या, तिथे डच बोलायचा सराव घेतात. त्या दिवशी सराव लवकर संपला, म्हणून मासिकं चाळायला मागच्या बाजूला गेल्या, तर खिडकीपाशी पाठ करून कोणीतरी डबा खात बसलेलं. वाचनालयात डबा? पोळीच्या वासानं काकू पुढे गेल्या. गंधार होता. ऑफिसचा शर्ट, गळ्यात कंपनीची पट्टी, शेजारी लॅपटॉप.

त्यानं आधी काहीबाही सांगितलं. आज घरून काम आहे, घरात आवाज होतो. काकू नुसत्या बघत राहिल्या. मग त्यानं डब्याचं झाकण लावलं आणि सगळं सांगितलं. त्याचा विभाग ऑगस्टअखेर बंद झाला. इथे राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की तीन महिन्यांत दुसरी मिळवायची, नाहीतर दोघांनीही परत. प्रांजलीचा परवाना त्याच्याच परवान्याला जोडलेला. तिला कळलं तर रक्तदाब कुठे जाईल सांगता येत नाही, म्हणून तो रोज सकाळी डबा घेऊन निघतो, वाचनालय उघडेपर्यंत तळ्याभोवती चकरा मारतो, दिवसभर अर्ज करतो. आणि संध्याकाळी स्टेशनच्या दारापाशी जाऊन थांबतो. रॉटरडॅमकडून गाडी आली की जी गर्दी बाहेर पडते तिच्यात मिसळून घरी जातो. प्रांजली त्या वेळी खिडकीत असते, तिला गर्दीतून येताना दिसायला हवा.

"बाळ होईपर्यंतच काकू. तोवर काहीतरी जमेलच. प्लीज, कोणालाही नको. काकांनापण नको."

काकूंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि शब्द दिला. माझ्या पोटात राहील, म्हणाल्या. आणि राहिलंही. नवल म्हणजे राजनकाकांनासुद्धा त्यांनी ब्र कळू दिला नाही, ज्यांना त्या दुधाची पिशवी फुटल्याचंही सविस्तर सांगतात. दोनदा प्रांजलीकडे जाऊन आल्या, भाजणीची थालीपिठं देऊन आल्या, ती गंधारच्या कामाच्या ताणाबद्दल बोलत होती तेव्हा चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही. परत येताना त्यांना स्वतःचा अभिमान वाटला.

नवरात्रातल्या शुक्रवारी पंचाईत झाली. आठवडाभर पाऊस, तिकडे आफ्रिकेतही आणि इकडेही, गाडी चिखलात रुतलेली. हाती एवढंच होतं की बुधवारी पहाटे भुऱ्या दिसला. भुऱ्या म्हणजे पाणवठ्याच्या घरातलाच तीन वर्षांचा पोरगा, फिकट आयाळीचा. नवे जावई आल्यावर त्याला आणि, एरवी मुली राहतात तरी, त्याच्या बहिणीलाही घराबाहेर काढलं होतं, बहिणीच्या पायाला जखम. तो काही मिनिटं एका झाडाखाली उभा दिसला आणि झुडपात गेला. वाटाड्या म्हणाला, हद्दीबाहेर काढलेले असे नर डरकाळी फोडत नाहीत, कारण आवाज केला की ज्याची जमीन आहे त्याला ठावठिकाणा कळतो.

एवढ्यावर दहा मिनिटं कशी काढायची? काकूंनी मोबाईल तोंडाशी धरला.

"तर काय झालं," आणि गोष्ट आपोआप वाहायला लागली. भुऱ्याची शिकार सुटली आहे, पण बहिणीला कळू द्यायचं नाही. म्हणून रोज सकाळी तो उठतो, अंग चाटूनपुसून साफ करतो, आणि रुबाबात निघतो, जणू म्हशी वाट बघत थांबल्यात. टेकडीआड गेला की रुबाब संपला. मग दिवसभर त्याच एका झाडाखाली. घरचा तुकडा बरोबर आणलेला असतो तो दुपारी खातो, पण जगाकडे पाठ करून. आणि संध्याकाळी? मोठी, मधली, धाकटी शिकारीवरून परतायला लागल्या की हा वाटेत झुडपाशी थांबतो, त्यांच्या शेपटामागे गुपचूप मिसळतो आणि बहिणीपाशी येतो. तिला वाटतं, आला माझा भाऊ शिकारीवरून. पोटात काही नाही, पण चाल अशी की बघत राहावं. आणि डरकाळी मात्र नाही. डरकाळी फोडली की संपलं.

शेवटी काकूंचा स्वतःचाच आवाज भरून आला. पाठवून दिलं आणि पोह्यांना फोडणी घातली. इतकी चांगली हकीकत त्यांनी बऱ्याच दिवसांत सांगितली नव्हती, आणि त्यांना ते कळत होतं.

ग्रुपवर बदामांचा पाऊस. मग मंडळाचा खजिनदार आशुतोष, ज्याला प्रत्येक ठिकाणी काहीतरी बोलायचंच असतं, त्यानं लिहिलं, "काकू, भुऱ्या बेंचवर आहे हो! घरी सांगत असेल ऑफिसला चाललो म्हणून." कंपनीत असून हाताला काम नसलं की आयटीवाले त्याला बेंच म्हणतात. तिथे तर सगळेच आयटीवाले. हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या पिवळ्या तोंडांची रांग लागली. काकूंनी ते वाचलं आणि हातातला झारा तसाच राहिला. पोहे करपले.

पुसून टाकावं म्हणून त्यांनी मोबाईल घेतला. पण शेकड्यानं लोकांनी ऐकलेलं होतं. पुसलं तर आणखी बोभाटा. छे, कोणाला काय कळणार आहे, सिंह तो सिंह, असं त्या स्वतःला समजावत होत्या तेवढ्यात फोन वाजला. प्रांजली.

"काकू, एक विचारू? ती गाडी पहाटे आणि संध्याकाळीच जाते ना?"

"हो."

"मग दुपारचा भुऱ्या तुम्हाला कोणी दाखवला?"

काकूंनी सांगायला हवं होतं, अगं, मनाचं घातलं मी, नेहमी घालते तसं. वाक्य जिभेवर होतं. पण आयुष्यभर पोरांच्या गप्प बसण्यावरून त्यांनी खरं-खोटं ओळखलं, आणि आता त्याच गप्प बसल्या.  पलीकडून प्रांजली हळूच म्हणाली, की मागच्या आठवड्यात गंधार मला स्टेशनच्या उलट्या बाजूनं येताना दिसला होता. म्हणाला, पाय मोकळे करत होतो. आणि फोन ठेवला.

त्या रात्री तिला हॉस्पिटलात न्यावं लागलं. रक्तदाब इतका वर गेला की डॉक्टरांनी ठेवूनच घेतलं, आणि आठवड्यानं, दिवस भरायच्या आत, मुलगी झाली. लहानखुरी पण ठणठणीत. बाळ-बाळंतीण सुखरूप, ग्रुपवर अभिनंदनं, सगळं यथासांग. जे यथासांग झालं नाही ते फारच थोड्यांना कळलं. त्या आठवड्यात गंधारची एका ठिकाणी शेवटची मुलाखत होती. आधीच्या दोन फेऱ्या उत्तम झालेल्या. तो गेला नाही, बायकोच्या उशाशी बसून राहिला. त्यानं तारीख बदलून मागितली, पण तोवर त्यांनी दुसऱ्या कोणाला घेतलं होतं.

काकू हॉस्पिटलात गेल्या तेव्हा प्रांजली झोपली होती. गंधार बाहेर कॉफीच्या यंत्रापाशी उभा. काकूंनी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, तुमचा काही दोष नाही, कधीतरी कळणारच होतं, मुलाखतही कदाचित फसली असती. सगळं नीट, समजूतदारपणे. मग कप फेकताना, काकूंकडे न बघता म्हणाला, "मी इतका केविलवाणा दिसतो हे मला माहीत नव्हतं, काकू."

ते वाक्य घेऊन काकू ट्रामनं घरी आल्या. आणि जे त्यांच्या मनाला खात होतं ते त्यांना ट्राममध्ये स्वच्छ दिसलं. शब्द मोडला, हे एक. पोरीला त्रास झाला, हे दुसरं. पण त्यापेक्षाही खात होतं ते हे, की सांगताना त्यांना मजा आली होती. त्या पाठ करून डबा खाणाऱ्या मुलाला पाहिल्यापासून त्यांच्या आतली गोष्टीवाली बाई टपून बसली होती. पोटात राहील म्हणताना, पाठीवर हात ठेवताना, सगळा वेळ. शब्द काकूंनी दिला होता, त्या बाईनं नव्हता दिला. आणि ही पळवाटही त्यांना दोन स्टॉप पुरली नाही, कारण दुसरी बाई कोणी नव्हतीच.

त्यांनी राजनकाकांना सांगितलं. काका बराच वेळ चष्मा पुसत बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, की तू तीन आठवडे मलाही सांगितलं नाहीस? म्हणजे आणखी एक जागा दुखावली. उट्रेख्तला मृण्मयीला फोन केला, निदान तिनं तरी म्हणावं की आई, तू काय मुद्दाम केलंस का. मृण्मयी सगळं ऐकून, या वेळी इंग्रजीत, म्हणाली, "आई, यू जस्ट पुट अ टेल ऑन हिम." नुसती शेपटी लावलीस त्याला. मुलीला मराठी बोलता येत नसलं तरी समजतं नको तेवढं.

काकूंनी मग जे हाताशी होतं ते सगळं केलं. राजनकाकांच्या मागे लागून गंधारची माहिती रॉटरडॅमच्या दहा ठिकाणी पाठवली. आशुतोषला, तो विनोद करतो म्हणून चिडलेल्या असूनही, फोन केला. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू केले आणि दाराबाहेर ठेवून आल्या, बेल न वाजवता. डबा दुसऱ्या दिवशी घासूनपुसून त्यांच्या दाराबाहेर परत. आत काही नाही. मराठी घरातून रिकामा डबा परत येत नाही, चिमूटभर साखर तरी असते. काकूंनी झाकण उघडून आत बघितलं आणि पुन्हा लावलं.

नोकरी जमली नाही. एके ठिकाणी जमत आली होती, पण जानेवारीनंतर बघू म्हणाले, आणि मुदत नोव्हेंबरअखेरची. गंधार आणि प्रांजलीनं पुण्याला परत जायचं ठरवलं. ग्रुपवर निरोपाचे संदेश, सामान विकायच्या जाहिराती, पाळणा नवाकोरा आहे, कोणाला हवा का. काकू ते वाचून उठल्या, चिकटपट्टीची तीन बंडलं घेतली आणि गेल्या. या वेळी बेल वाजवली.

दार प्रांजलीनं उघडलं. खांद्यावर बाळ. या म्हणाली. गंधार खेमेंटेत, म्हणजे पालिकेत, नाव काढून टाकायला गेला होता. दिवाणखान्यात खोकी. काकूंनी न विचारता मांडी घातली आणि पुस्तकं भरायला लागल्या. एक खोकं भरून चिकटपट्टी लावली.

मग काकू म्हणाल्या, की मी माफी मागायला आले आहे, पण कशी मागायची ते ठरवता ठरवता दीड महिना गेला.

प्रांजली बाळाला थोपटत होती. म्हणाली, तुम्हाला वाटतं मी चिडले कारण तुम्ही त्याचं गुपित फोडलंत.

"हो."

"तसं नाहीये, काकू. तो दुपारभर एकटा बसायचा, माझ्या हातची पोळी सगळ्यांकडे पाठ करून खायचा, हे मला कळायला हवं होतं. त्यानं नाही सांगितलं. तुम्ही थालीपिठं घेऊन दोनदा आलात, इथेच बसलात, तुम्हीपण नाही सांगितलंत. आणि मग दोनशे माणसांना सांगितलंत. त्यातली एक मी."

काकूंनी या बाजूनं कधी विचारच केला नव्हता. गुन्हा सांगण्यात आहे असंच धरून त्या बसल्या होत्या. शब्द पाळलेले ते तीन आठवडे, ज्यांचा त्यांना अभिमान होता, तेही आता हिशेबात उलट्या बाजूला जाऊन बसले. त्या हातातल्या पुस्तकाची धूळ पुसत राहिल्या. धूळ नव्हती.

बाळ झोपलं तशी प्रांजलीनं त्याला गादीवर ठेवलं आणि काकूंच्या समोर जमिनीवर येऊन बसली. चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता थकवा.

"त्या भुऱ्याचं खरं सांगा मला. तुम्ही खरंच काय पाहिलंत तेवढंच."

काकूंनी "तर काय झालं" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. खरं म्हणजे सांगण्यासारखं होतं. आठच दिवसांपूर्वी पहाटे त्यांनी आवाज बंद ठेवून भुऱ्याला पाहिलं होतं. त्याच्याबरोबर एक परका नर होता, नाकावर ओरखडा असलेला, आणि दोघं एकमेकांना कपाळ घासत होते. मग भुऱ्यानं मान वर करून तोंड उघडलं होतं, पोट आत ओढलं जात होतं, म्हणजे तो डरकाळी फोडत होता. काकूंना ऐकू आली नव्हती. हे सांगितलं तर ती पोर हसेल, असं त्यांना वाटलं. आणि तसं वाटलं म्हणूनच त्यांनी ते सांगितलं नाही. ते त्यांनी पाहिलं होतं, खरं होतं, पण आपल्या तोंडून आता ते गोष्टीसारखंच निघेल याची त्यांना भीती वाटली. प्रांजलीनं विचारलं होतं ते त्या शुक्रवारचं.

"तेव्हा एकदाच दिसला. बुधवारी पहाटे. एका झाडाखाली उभा होता, आणि मग झुडपात गेला."

"तेवढंच?"

"तेवढंच."

प्रांजली खोक्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे बाकी सगळं आमचं होतं."

काकूंनी होकाराची मान हलवली. प्रांजली उठली, स्वयंपाकघरात गेली आणि कपाटातल्या काचेच्या बरण्या आणून त्यांच्यासमोर ठेवल्या. काकूंनी एकेक बरणी कागदात गुंडाळायला घेतली.